स्लॉट बघून कार्ड घे रे!

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. ‘मामा, जॅकपॉट लागलाय!’ पठ्ठ्याने तीन हजारांत सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस उचलला होता. आठ इनपुट्स, मेटल बॉडी आणि मागे फायरवायर. ‘फक्त लॅपटॉपला लावायचा कसा, तेवढं सांग.’

तेवढं! मंडळी, या ‘तेवढ्या’पायी २००८ मध्ये माझा अख्खा वीकएन्ड गेलाय.

आजी साताऱ्याहून दोन दिवसांसाठी आली होती. तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या ठरल्या होत्या. इंटरफेस मित्राचा, लॅपटॉप माझा, पण त्याला फायरवायर पोर्टच नाही. मग शनिवारी एका दुकानातून कार्ड आणलं. ‘सगळ्याला चालतं, साहेब!’ घरी येऊन खाचेत सरकवलं, तर ते आत नुसतंच खुळखुळलं.

भानगड अशी की माझा स्लॉट होता कार्डबसचा आणि हातात होतं एक्स्प्रेसकार्ड. कार्डबस म्हणजे १९९५ चं पीसी कार्ड: ५४ मिलिमीटर रुंद, आतून पीसीआयचा भाऊ. ओळखायची खूण म्हणजे टोकाजवळची सोनेरी, बारीक उंचवट्यांची पट्टी. एक्स्प्रेसकार्ड आलं २००३ मध्ये. ते पीसीआय एक्स्प्रेस आणि यूएसबी २.० वर चालतं. त्याच्या रुंद्या दोन, ३४ आणि ५४. आता गोची बघा. ५४ वालं जुन्या कार्डाइतकंच रुंद दिसतं, पण त्याचा कनेक्टर ३४ वाल्याचाच असतो! म्हणजे रुंदी जुळली म्हणून कार्ड जुळलं असं अजिबात नाही. ३४ चं कार्ड ५४ च्या स्लॉटमध्ये चालतं, उलटं नाही.

रविवारी सकाळी कार्ड बदलून आणलं. बसलं! पण इंटरफेसचा दिवा लागेना. डेस्कटॉपच्या सहा पिनांच्या पोर्टमधून मिळणारी वीज लॅपटॉपच्या कार्डातून बहुधा मिळत नाही. अडॅप्टर शोधण्यात दुपार गेली. दिवा लागला, तर रेकॉर्डिंगमध्ये दर थोड्या वेळाने ‘टक्’. बफर वाढवला, वायफाय बंद केलं, तरी टक्. आजी तीनदा म्हणाली, ‘झालं का रे? घसा सुकला.’ शेवटी तसंच रेकॉर्ड केलं, कारण रात्रीची एसटी होती.

दोष कार्डावरच्या कंट्रोलर चिपचा होता, हे फार उशिरा कळलं. इंटरफेस बनवणाऱ्या कित्येक कंपन्या तेव्हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलंच कार्ड घ्या म्हणून सांगायच्या. खोक्यावर ते बारीक अक्षरात असायचं. नसायचंही.

२०११ साली आजी गेली. तिच्या आवाजातलं माझ्याकडे तेवढंच आहे, टक्-टक् सकट.

तर भाच्याला सांगितलं, नव्या लॅपटॉपला यूएसबी-सीची स्वस्त फायरवायर केबल मिळते म्हणतात, तिच्या नादी लागू नकोस. फायरवायर आणि यूएसबी या वेगळ्या भाषा आहेत, नुसती पिन बदलून संवाद होत नाही. थंडरबोल्टवरून अडॅप्टर लावून मॅकवर जमायचं, पण २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने फायरवायरच काढून टाकलं. त्यापेक्षा एक्स्प्रेसकार्डचा स्लॉट असलेला जुना लॅपटॉप बघ. २००६ ते २००९ च्या सुरुवातीपर्यंतच्या पंधरा इंची मॅकबुक प्रोला तो ३४ चा होता. आधी इंटरफेसचा ड्रायव्हर कुठल्या ओएसपर्यंत आहे ते तपास, मग चिप बघून कार्ड घे आणि वेगळा अडॅप्टर आहे ना ते विचार. आणि त्या लॅपटॉपवर नेट नको, फक्त रेकॉर्डिंग.

‘मामा, एवढं कटकटीचं असतं?’

‘तीन हजारांत आठ इनपुट्स उगाच मिळतात का?’

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘पणजीची ती फाइल पाठव. आता टक् काढायची सॉफ्टवेअर्स चांगली आहेत.’

लगेच पाठवली. रात्री एकला मेसेज आला: ‘बरेचसे गेले. पण मध्ये ती काहीतरी बोलते, ते पण कापू?’

‘झालं का रे’ आहे ते. राहू दे म्हटलं.