हिशेबाची वही कुणाकडे आहे?

गेल्या शनिवारी कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या एका मित्राचा फोन आला. "पुन्हा सुरू करूया का रे?" मी सवयीने म्हणालो, "वेळ कुठाय? रिलीज आहे." फोन ठेवला आणि स्वतःचीच थोडी लाज वाटली. का, ते शेवटी सांगतो.

इंजिनिअरिंग संपल्यावर आम्ही सात जणांनी एक संस्था काढली होती. संस्था म्हणजे काय, तर एक नाव, एक लोगो आणि भरपूर उत्साह! दोन एकांकिका आणि तीन प्रयोग झाले आणि सगळं थंडावलं. कुणी विचारलं की आमचं उत्तर ठरलेलं, नोकऱ्या लागल्या, वेळ मिळेना.

हे उत्तर मला आता पटत नाही. त्याला कारण आहे मुंबईची 'आविष्कार'.

प्रायोगिक नाटकाची आवड असणाऱ्यांना हे नाव माहीत असेलच, पण इतरांसाठी थोडक्यात. 1960 साली सुरू झालेल्या 'रंगायन'मध्ये पुढे मतभेद झाले आणि त्यातून बाहेर पडून अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे वगैरे मंडळींनी 1971 मध्ये 'आविष्कार' काढली. सुरुवात केली ती थेट गिरीश कार्नाडांच्या 'तुघलक'ने, तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात. पण संस्थेची खरी ओळख झाली 1974 पासून, दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात. नफ्याचा प्रश्नच नव्हता. प्रेक्षक अगदी जवळ, नेपथ्य बेताचं. तिथे त्यांनी स्वतःची नाटकं केलीच, पण इतर संस्थांनाही जागा दिली. 'छबिलदास चळवळ' असा शब्दच रूढ झाला. एका शाळेच्या नावाने नाटकाची चळवळ ओळखली जावी, गंमतच आहे ना!

मुलांसाठी सुलभाताईंनी 'चंद्रशाला' चालवली. 1987 मध्ये अरविंद देशपांडे गेले, तरी संस्था थांबली नाही. त्यांच्या नावाने नाट्यमहोत्सव सुरू झाला. छबिलदास सुटल्यावर मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत हलला. 1994 मध्ये एलकुंचवारांची वाडा नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर झाली. एकामागोमाग एक तीन नाटकं! व्यावसायिक निर्माता हे गणित कधी मांडेल का?

हे सगळं वाचताना नट-दिग्दर्शकांची नावं आधी डोळ्यात भरतात. मला मात्र अरुण काकडे महत्त्वाचे वाटतात. काकडेकाका 2019 मध्ये गेले, तोपर्यंत जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं ते या संस्थेशी जोडलेले होते. त्यांची ओळख संघटक म्हणून. तारखा, परवानग्या, पैसे, माणसं एकत्र ठेवणं ही सगळी टाळ्या न मिळणारी कामं. आपल्या भाषेत सांगायचं तर फीचर लिहायला सगळे तयार असतात, मेंटेनन्सला कुणी नसतं. आणि सिस्टीम चालते मेंटेनन्सवर.

कुणी म्हणेल, तेव्हाची गोष्ट वेगळी, नोकऱ्या दहा ते पाचच्या होत्या. मान्य. जागा मिळाली हे नशीबही मान्य. पण नीट बघा, 'आविष्कार'ला दोन्ही वेळा जागा कुणी दिली? शाळेने. आपल्या शहरांत संध्याकाळनंतर शाळांचे किती हॉल कुलूप लावून पडलेले असतात! ते माफक भाड्यात तालमींना मिळाले तर तरुण संस्थांचा अर्धा प्रश्न सुटेल, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठी थिएटर्स बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

उरलेला अर्धा प्रश्न आपला. आणि इथेच ती लाज येते.

आमचा चौथा प्रयोग ठरला होता. दोघांना सुट्टी मिळेना, म्हणून रद्द केला. हॉलला वेळेत कळवलं असतं तर डिपॉझिट परत मिळालं असतं. कुणीच कळवलं नाही. बेचाळीसशे रुपये गेले, ते एका मित्राच्या खिशातले होते. त्यावरून वादावादी झाली, मग बोलणं कमी झालं, मग ग्रुपच शांत झाला. कळवायचं काम खजिनदाराचं होतं.

खजिनदार मी होतो.

तेव्हा वेळ नव्हता हे खोटं आहे. एक फोन करायला पाच मिनिटं लागतात. मला ते काम कमी दर्जाचं वाटत होतं, मला भूमिका हवी होती.

काल त्या मित्राला परत फोन केला. म्हटलं, करूया. यावेळी मला रोल नको, वही माझ्याकडे दे. आणि त्यात पहिली नोंद बेचाळीसशेची असेल, माझ्या नावावर.

तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "तालमीला जागा बघ आधी."

सोमवारी घराजवळच्या शाळेत जाऊन येतो. काय होतं ते कळवेनच.