अंगणातील पाऊसवाफा

शेताची ताल फुटली असे कानी येताच भर पावसात खोरे खांद्यावर टाकून धावणारा आमचा शेतकरी शहरातल्या घराच्या छपराचे पाणी मात्र खुशाल गटारात जाऊ देतो, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते. नगरच्या उत्तरेकडील सावेडी हे पूर्वी स्वतंत्र गाव होते. आता त्याच्या शिवारात बंगले व इमारती दाटल्या आहेत, आणि मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने तेथे घर बांधलेले बागायतदारही पुष्कळ आहेत. अंगण फरशीने झाकणे ही आता प्रतिष्ठेची बाब होऊन बसली आहे. पावसाळ्यात वाहून जाते तेच पाणी उन्हाळ्यात विकत घ्यावयाचे, वा राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून उपसून येणाऱ्या नळाची वाट पाहत बसावयाचे!

या भागात वर्षास सरासरी 550 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. 1000 चौरस फूट छपरावर त्याचे सुमारे 50,000 लिटर पाणी होते. ते जिरविण्यास अंगणात एक उथळ, खोलगट वाफा पुरतो. त्याचा हिशेब सोपा आहे. छपरावर एक इंच पाऊस पडला, तर ते सर्व पाणी छपराच्या सहाव्या हिश्शाइतक्या जागेत सहा इंच उभे राहील. एवढी जागा नसेल तर असेल तेवढीच घ्यावी, पण सांडवा ठेवण्यास विसरू नये.

वाफा पायापासून दहा फूट तरी दूर असावा. खणण्यापूर्वी तेथे दीड फुटाचा खड्डा घेऊन पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर काळी माती काढून मुरुमापर्यंत जावे, व वाळू आणि कुजलेले खत मिसळलेली हलकी माती भरावी. तळ सपाट हवा, आणि पन्हळीचे पाणी पडते तेथे दगड अंथरावे. पाणी दोन दिवसांत जिरले पाहिजे. तसे झाले तर डासांची भीती नाही, कारण त्यांच्या पिढीस आठवडाभर तरी उभे पाणी लागते.

लागवडीविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. ओलीची जागा म्हणून अळू लावण्याचा मोह होतो, परंतु पुढील आठ कोरड्या महिन्यांत ते टिकावयाचे नाही. तळाशी वाळा, कडेस गवती चहा व अडुळसा हेच आम्हांस योग्य वाटते.

कोणी म्हणतील, एवढ्याशा वाफ्याने बोअरला काय पाणी येणार? एकट्याने फारसे नाही, हे आम्हीही मान्य करतो. परंतु याच तालुक्यातील हिवरे बाजारही एका बांधाने सुधारले नाही. तेथे डोंगरउतारावर चर खणले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली. छपराचे पाणी न गाळता थेट बोअरमध्ये सोडण्याची युक्ती मात्र आम्हांस पसंत नाही. त्याबरोबर धूळ व पक्ष्यांची विष्ठाही खाली उतरते. वाफ्यातली माती निदान गाळण्याचे काम तरी करते.

यंदा ज्यांचे बांधकाम चालू आहे त्यांनी गवंड्यास अंगणाचा उतार रस्त्याकडे न देता वाफ्याकडे देण्यास आताच सांगावे. फरशी बसल्यावर तो बदलावयाचा म्हणजे दुप्पट खर्च.