घर बदलापूरला, नोकरी फोर्टात

‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ ही जाहिरातीतली पाच मिनिटे बहुधा रविवारी दुपारी, रिकाम्या रस्त्यावर मोजलेली असतात. मुंबईत घर परवडत नाही म्हणून बदलापूर, वांगणी, नेरळ गाठणाऱ्यांनी सॅम्पल फ्लॅटमधले झुंबर पाहण्याआधी सोमवारी सकाळी आठला फलाटावर उभे राहून पाहावे. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. लोकलने दीड तास तरी जातो, तोही चढायला मिळाले तर. दुसरी परीक्षा पावसाची. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, तेव्हा बदलापुरातल्या सखल वस्त्यांतही पाणी शिरले होते. बिल्डर हे सांगणार नाही. टोकन देण्यापूर्वी शेजारच्या इमारतीतल्या तळमजलेवाल्यांना विचारा: पाणी कुठवर आले होते, आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात?