संन्याशाला सुळी

सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला. गाडी परगावची, भाषा परकी, विचारणा लहान मुलाकडे. त्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा गावोगाव फिरत होती. लक्षणं जुळली आणि गावाने साधूंना चोपून काढलं. आधार कार्डं पाहिली गेली ती नंतर, पोलिसांकडून. साधू खरेच साधू निघाले, पंढरपूरला चाललेले. त्यांनी तक्रारही दिली नाही.

संगणकाच्या आत असले निवाडे सर्रास होतात आणि तिथेही मार खाणारा तक्रार देत नाही. बर्कली विद्यापीठात जन्मलेला ‘बॉइंक’ हा प्रोग्राम घेतला की आपला संगणक रिकामा असेल तेव्हा शास्त्रज्ञांची आकडेमोड करून देतो. पैसे नाहीत, बक्षीस नाही. वीजबिल मात्र आपलं. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा त्यातलाच उपक्रम. 2010 मध्ये त्याने एक नवा पल्सार तारा शोधला, तोही आयोवातलं एक दांपत्य आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या संगणकांवर. लायगो या वेधशाळेच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरी शोधायचं कामही हाच उपक्रम करतो. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ आपली लायगो होऊ घातली आहे, तेव्हा हा मामला अगदीच परका नाही.

आता या प्रोग्रामची लक्षणं पाहा. इंटरनेटवरून परस्पर नवनव्या फायली उतरवतो, त्या स्वतःच चालवतो, मालक जेवायला उठला की प्रोसेसर पूर्ण ताणतो आणि उत्तर दूरदेशीच्या सर्व्हरला धाडतो. चोरून आभासी नाणी पाडणारा प्रोग्रामही नेमका असाच वागतो. अँटिव्हायरस ते बघतो, कोपऱ्यात एक चौकट उघडते, ‘धोका आढळला, कारवाई पूर्ण’ म्हणते आणि मिटते. फाईल क्वारंटाइनमध्ये, तासन्‌तासांची आकडेमोड पाण्यात. मालकाला हायसं वाटतं. शास्त्रज्ञांचा एक मदतनीस कमी झाला, याची वाच्यता कुठेच होत नाही. जाणकार माणूस सेटिंगमध्ये शिरून बॉइंकचा फोल्डर तपासणीतून वगळतो. पण तो फोल्डरही विंडोजने लपवून ठेवलेला. बाकीचे ‘व्हायरस होता म्हणे’ म्हणून प्रोग्रामच काढून टाकतात.

अँटिव्हायरसवाल्यांचंही काही खोटं नाही. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता या धंद्यात आले आणि धाकटे बंधू संजय यांच्यासह त्यांनी क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली. तो फ्लॉपीचा जमाना होता. व्हायरस मोजके, प्रत्येकाची खूण ठाऊक. फाईल त्या खुणांशी ताडून पाहिली की काम भागे. आता घातक फायली रोज लाखांनी निपजतात. नाव-गाव विचारायला सवड नाही, मग वागणुकीवरूनच संशय घ्यावा लागतो. आणि संशयाला आधारही आहे. जुलै 2024 मध्ये हंट्रेस या सुरक्षा कंपनीने एक प्रकार उघड केला: ब्राउझर अपडेट करा, अशी बतावणी करून लोकांच्या संगणकात चक्क बॉइंक घुसवला जात होता. प्रोग्राम अस्सल, सर्व्हर मात्र भामट्यांचा.

म्हणजे तोच प्रोग्राम एका घरात साधू, दुसऱ्या घरात चोर. फरक एवढाच की एका घरी मालकाने त्याला बोलावलं होतं. हे आमंत्रण फाईल कितीही उलटीपालटी केली तरी तिच्यात सापडायचं नाही. ते मालकालाच विचारावं लागतं. आणि नेमकं तेच सहसा कोणी विचारत नाही. फार तर ‘काढून टाकू का?’ असं विचारतात, ज्याला घाबरलेला माणूस ‘हो’च म्हणणार.

विचारणं जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. 2021 मध्ये नॉर्टनने आपल्या अँटिव्हायरससोबतच इथेरियम हे आभासी चलन कमावणारा प्रोग्राम द्यायला सुरुवात केली. इतरांनी हेच केलं तर ज्यांनी दंडुका उगारायचा, त्यांचंच हे दुकान! तो मालकाने होकार दिल्यावरच चालू व्हायचा, हे कबूल केलं पाहिजे. कमाईतले 15 टक्के कंपनीला जायचे.

तेव्हा संमती घ्यायची रीत या मंडळींना पुरती अवगत आहे. ‘हा प्रोग्राम तुम्ही स्वतः बसवला आहे का?’ एवढा एकच सवाल, साध्या मराठीत, फाईल कोंडण्याआधी त्या चौकटीत टाकायला फारसा खर्च येऊ नये. विज्ञानाच्या फुकट कामात टक्केवारी नाही, ही अडचण तेवढी आहे.