शिकत राहणारा डॉक्टर कसा निवडावा?

पोटातील व्रण आम्लाने व मनाच्या तणावाने होतो, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल यांनी बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जिवाणू असल्याचे दाखविले. २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पदवी हाती पडताच ज्याने पुस्तक मिटले, त्या डॉक्टरचा रोगी मात्र औषधाने बरे होण्याजोगे दुखणे सोशीत राहिला. डॉक्टरचे शिक्षण थांबले की त्याची किंमत रोगी मोजतो.

म्हणूनच २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने डॉक्टरच्या पाच भूमिकांत 'आजन्म विद्यार्थी' ही एक भूमिका घातली, हे उचितच झाले. परंतु असा विद्यार्थी निवडण्याची आपली रीत कोणती? २०२५ साली २२ लाखांहून अधिक उमेदवार 'नीट'ला बसले. तीन तास, १८० प्रश्न, ७२० गुण! या चाळणीतून स्मरण, वेग व चिकाटी कळते. जिज्ञासा कळत नाही.

मग मुलाखती घ्याव्यात काय? या सूचनेने पालकांच्या पोटात गोळा उठेल आणि तो अकारण नव्हे. मुलाखतीमागून वशिला येतो, आडनाव विचारले जाते आणि सफाईदार इंग्रजीपुढे खेड्यातील गुणी मूल दबते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने अनेक छोट्या मुलाखती व प्रत्येकीस निराळा परीक्षक ही पद्धत काढून एकाच्या लहरीस आळा घातला खरा. पण २२ लाखांसाठी ती कशी राबवावी? सामायिक लेखी परीक्षा मोडू नये, असेच आमचे मत आहे.

मात्र तिचे स्वरूप बदलता येईल. पाठ्यपुस्तकात नसलेला एखादा उतारा उमेदवाराच्या भाषेत द्यावा आणि तो तेथेच वाचून, समजून घेऊन सोडवावयाचे प्रश्न त्यावर विचारावेत. नवे शिकण्याची शक्ती तेथे प्रकटेल आणि गुणदानात वशिल्यास वावही राहणार नाही.

आम्ही शाळेत शिकवीत असता निकालाच्या दिवशी दोन प्रकारची मुले पाहिली. एक गुण मोजून घरी जाई. दुसरे चुकलेले उदाहरण घेऊन परत येई. पहिल्यास ओळखण्याची यंत्रणा आपण उभारली आहे. दुसऱ्यास ओळखण्याचे कर्तव्य राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आता टाळू नये.