दात्याची ठेव आणि सभासदाची वर्गणी

व्यापारी अथवा व्यावसायिकांची संघटना स्थापन होते ती सभासदांच्या हितासाठी. करविषयक मार्गदर्शन, व्याख्याने, शासनदरबारी निवेदने हे तिचे कार्य. कालांतराने जम बसला की शिष्यवृत्ती, वैद्यकीय साहाय्य अशी कामे सुचतात व त्यांकरिता स्वतंत्र धर्मादाय न्यास नोंदविला जातो. बहुधा संघटनेचे अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार हेच त्याचे विश्वस्त होतात. यात गैर काहीच नाही. मात्र त्याच व्यक्ती एकाच बैठकीत दोन्ही तिजोऱ्यांचे निर्णय घेऊ लागल्या की सीमारेषा पुसट होते.

सभागृहाच्या दुरुस्तीस संघटनेची रक्कम अपुरी पडते. न्यासाच्या खात्यात शिल्लक दिसते. ‘दोन महिन्यांत परत करू’ या शब्दावर ती वळती केली जाते. हेतू निर्मळ असतो; एक पैसाही कोणाच्या खिशात जात नाही. परंतु महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची मुदत येते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असा शेरा पडतो. सभागृहाच्या दुरुस्तीची किंमत एका गरजू विद्यार्थ्याने मोजलेली असते.

वर्गणी देणारा सभासद सभेत जाब विचारू शकतो. देणगीदार सहसा विचारीत नाही आणि लाभार्थी तर सभेत नसतोच. म्हणूनच न्यासाच्या पैशाला अधिक कडक पहारा हवा.

हा पहारा कायद्याने पूर्वीच नेमला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःसाठी कर्ज घेता येत नाही. स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. याखेरीज १९५१ च्या नियमांतील नियम १९ अनुसार लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात काही प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. सभा नियमित होतात काय? इतिवृत्त लिहिले जाते काय? ५,००० रुपयांवरील दुरुस्ती वा बांधकामास निविदा मागविल्या होत्या काय? कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको वा धनको आहे काय? मागील वर्षी दाखविलेल्या त्रुटी दूर झाल्या काय?

दुर्दैवाने ही प्रश्नावली धर्मादाय कार्यालयात सादर होते आणि फायलीत विसावते. सभेत ताळेबंदाच्या प्रती वाटल्या जातात, ‘वाचला असे समजावे’ म्हणून मंजुरी मिळते व मंडळी भोजनाकडे वळतात. वास्तविक ही उत्तरे मोठ्याने वाचण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

त्याच्या जोडीला चार नियम पुरेसे आहेत. न्यासाच्या मंडळावर कार्यकारिणीबाहेरचे किमान दोन विश्वस्त असावेत. न्यासाची बैठक व इतिवृत्त स्वतंत्र ठेवावे. ज्या विषयात एखाद्या विश्वस्ताच्या पेढीचा वा नातलगाचा संबंध असेल, त्या विषयापुरते त्याने बैठकीबाहेर जावे व तशी नोंद व्हावी. संघटनेकडून न्यासाचे काही येणे असल्यास ती रक्कम आणि परतफेडीची तारीख वार्षिक सभेत जाहीर करावी.

व्यापारी पेढीवर दुसऱ्याची ठेव स्वतःच्या गल्ल्यात मिसळत नाही. तीच सवय त्याने संघटनेच्या कार्यालयात नेली, तर शिष्यवृत्तीचा धनादेश वेळेवर निघेल.