सुफेन पाण्याचा जमाखर्च

कापूस, सरकी, व्याजबट्टा आणि करआकारणी हे नित्याचे विषय सोडून वार्षिक स्मरणिकेत पाण्यावर लेख कशासाठी, असे काही सभासद बंधूंस वाटेल. परंतु अलीकडे आपल्या आदिलाबादेत नवे घर बांधले की गच्चीवर पाणी मृदू करणारे यंत्र, ज्यास बाजारात वॉटर सॉफ्टनर म्हणतात, ते बसविलेच पाहिजे अशी समजूत रूढ होऊ लागली आहे. या यंत्राचे घेणारेही आपणच आणि काही अंशी विकणारेही आपणच. तेव्हा त्याचा हिशेब या पानांत मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

यंत्राची गरज खोटी आहे असे मुळीच नाही. आपल्या गावाभोवती चुनखडकाचे थर आहेत; त्यांच्याच भरवशावर येथे एके काळी सिमेंटचा कारखाना उभा राहिला होता. त्या खडकातून मुरून बोअरमध्ये आलेले पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येते. शाळेच्या पुस्तकात यास दुष्फेन पाणी म्हणत. आमचे तेलुगू शेजारी 'उप्पु नीळ्ळु' म्हणजे मिठाचे पाणी म्हणतात, यद्यपि त्यात मिठापेक्षा चुन्याचाच अंश अधिक. ज्या घरी पाणी गाळून व उकळून पिण्याचा नियम आहे, तेथील गृहिणींस ही गोष्ट सांगावयास नको. उकाळ्याच्या पातेल्याच्या तळाशी महिन्याभरात जी पांढरी खपली धरते, तीच तुरीची डाळ लवकर शिजू देत नाही आणि साबणाला फेस येऊ देत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी गिझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा जळाली, तेव्हा कोठे या विषयाकडे लक्ष गेले.

यंत्र विकावयास आलेल्या गृहस्थांनी सांगितले, “शेठजी, एकदाच खर्च, मग पाहणे नको.” हे वाक्य आपण व्यापाऱ्यांनी तरी सहज स्वीकारू नये. यंत्रात रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम देतात. मणी भरले की मिठाच्या दाट पाण्याने धुऊन त्यांस पूर्ववत करावे लागते. म्हणजे विकत घेतला तो घोडा, चंदी रोजची.

ही चंदी किती? पाच माणसांचे कुटुंब, प्रत्येकी १३५ लिटर हे नगर पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर दिवसाला ६७५ लिटर होतात. पाण्याची कठीणता लिटरमागे ५०० मिलिग्रॅम मानली, तर त्या पाण्यातून रोज सुमारे ३३७ ग्रॅम आणि वर्षाकाठी सव्वाशे किलोच्या आसपास चुनखडी निघते. ती काढण्यास व्यवहारात रोज पाऊण ते एक किलो मीठ लागते. महिन्यास साधारण २५ किलोची एक गोणी. प्रस्तुत लेखकाचे दुकान किराण्याचे असल्याने ही गोणी त्यास फायद्याचीच आहे. परंतु गिऱ्हाइकास ती आधी सांगितली पाहिजे. यंत्राची किंमत आकार व बनावटीप्रमाणे काही दहा हजारांपासून लाखाच्याही पुढे जाते. तिच्यावर नळजोडणीची मजुरी, धुण्यास वाया जाणारे पाणी आणि काही वर्षांनी नवे रेझिन हे चढते. बिलाच्या कागदावर मात्र पहिलाच आकडा असतो.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. ५०० कठीणतेचे पाणी मृदू केले की लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढते. असे तीन लिटर पाणी पोटात गेले तर जवळजवळ ७०० मिलिग्रॅम झाले. आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसभरात २००० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम नसावे असे सांगितले आहे. घरातील वडीलधाऱ्यांस रक्तदाबासाठी अळणी भाजी वाढावी आणि पाण्याच्या पेल्यातून मीठ पाजावे, हा कोठला न्याय? शिवाय हे यंत्र फ्लोराइड काढीत नाही. नळगोंड्याच्या लोकांनी फ्लोराइडपायी काय भोगले, हे तेलंगणात कोणास ठाऊक नाही? पाणी मृदू झाले म्हणजे शुद्ध झाले, असे समजणे धोक्याचे आहे. (नळास लोहचुंबक बांधून पाणी मृदू करून देणारेही फिरत असतात. चुंबकाने पाण्यातला चुना कोठेही जात नाही, एवढेच त्यांच्याविषयी.)

आणि धुतलेले खारे पाणी जाते कोठे? गटारात, अंगणात, शेजाऱ्याच्या बोअरच्या दिशेने. आपल्या वडिलांच्या काळी विहिरीचे पाणी गाळल्यावर गाळणे उलटे धरून त्यावरचे पाणी त्याच विहिरीत परत सोडीत. जेथून घेतले तेथील जीव तेथेच पोहोचवावा, हा त्यामागील भाव. त्या घरांच्या नातवंडांनी महिन्याची गोणीभर मीठ जमिनीत सोडावी, हे मनास रुचत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा खोऱ्यात नदीतील क्लोराइड वाढले, तेव्हा २००८ साली तेथील मतदारांनीच अशी घरगुती यंत्रे काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला.

मग करावे काय? सर्वप्रथम पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे कठीणता २०० पर्यंत इष्ट, आणि दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालण्याजोगी मानतात. अडीचशे-तीनशेच्या पाण्यास यंत्र घेणे हा शुद्ध हौसेचा खर्च होय. मिशन भगीरथाचे पाणी येत आहे. ते जलाशयांचे असल्याने सामान्यतः बोअरपेक्षा सौम्य असते. पिण्यास व स्वयंपाकास तेच गाळून, उकळून वापरावे.

आपल्यापैकी ज्यांचे मूळ मारवाडात वा गुजरातेत, त्यांच्या जुन्या वाड्यांत अंगणाखाली टांके असे. अहमदाबादेच्या पोळांतील घरांत ती आजही पाहावयास मिळतात. छपरावरचे पावसाचे पाणी त्यात साठवून वर्षभर पिण्यास वापरीत. आणि पावसाच्या पाण्याइतके सुफेन पाणी दुसरे नाही. तेथे पाऊस थोडा म्हणून पूर्वजांनी टांके बांधले. आपल्या जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवरून ऐंशी हजार लिटर पाणी सहज हाती येईल. सगळे साठविणे शक्य नाही हे खरे. पण दहा हजार लिटरची टाकी पिण्यापुरती पाच जणांच्या घरास मोठीच पडते. नव्या घराचा नकाशा काढताना यंत्राची जागा सर्वांस आठवते, टाक्याची कोणास आठवत नाही.

जे सभासद ही यंत्रे विकतात, त्यांस एवढीच विनंती की बिलावर महिन्याचे मीठ किती लागेल ते लिहून द्यावे आणि स्वयंपाकघराचा नळ यंत्रापासून वेगळा ठेवावा. विक्री थोडी घटेल, हे मान्य आहे.

प्रस्तुत लेखकाने लहान यंत्र घेतले, ते केवळ गिझर व कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळास जोडले. तेथे दिवसाला अडीचशे लिटर लागतात, म्हणून मीठ महिन्यास दहा किलोवर भागते. टाक्याचे खोदकाम उन्हाळ्यात काढावयाचे ठरले आहे. गवंडी अद्याप दर सांगावयाचा आहे.